भरलेला फोन

धाम नदीच्या काठी, वर्ध्यापासून फार लांब नसलेल्या एका गावात एक कास्तकारीण राहत होती. पाच एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि पऱ्हाटीत तुरीच्या ओळी. तिच्याजवळ एक फोन होता. पुण्यात कामाला असलेल्या मुलानं स्वतःसाठी नवा घेतला, तेव्हा जुना आईला दिला होता.

तो फोन आता चालेना. लेकीचा कॉल यायचा आणि उचलायच्या आत फोन अडकायचा. फोटो काढावा तर जागा शिल्लक नाही म्हणायचा. मागच्या खरिपात पिकाची नोंद करायला ती वावरात उभी राहिली आणि फोन तिथंच बंद पडला. मुलगा म्हणाला, "आई, नवा घे. हप्त्यानं मिळते." कापसाच्या चुकाऱ्यातले थोडे पैसे तिनं पेरणीसाठी डब्यात राखून ठेवले होते. ते पदराला बांधून मे महिन्यात ती एस.टी.नं वर्ध्याला गेली.

दुकानदार फोन दुरुस्तही करायचा आणि नवेही विकायचा. त्यानं काचेवर नवे फोन मांडले. मग तिचा फोन हातात घेऊन पाहिला.

"मावशी, फोन कायच्यासाठी पायजे तुमाले?"

"लेकीशी बोलाले. आभाळाचं पाहाले. अन् पीक सातबाऱ्यावर चढवाले."

"अजून?"

"मले एवढंच लागते, भाऊ."

दुकानदार सेवाग्रामचा होता. तो म्हणाला, "आश्रमात बापूंच्या दफ्तरात फोन ठेवला हाय, पाह्यला का? व्हाइसरॉयले बापूंशी बोलता यावं म्हणून सरकारनं लावून देला होता. बोलणं, एवढंच त्याचं काम. तुमच्या फोनवर पाहा किती ओझं हाय." आणि त्यानं नवे फोन पुन्हा कपाटात ठेवले.

त्यानं 'फाइल्स' नावाचं एक फुकटचं ॲप टाकलं. फोनमध्ये काय काय साठलं आहे, कोणता फोटो दोनदा आहे, ते त्यात दिसू लागलं. सुप्रभाताची फुलं होती, एकाच लग्नाचा व्हिडिओ तीनदा होता, नातवाचे खेळ होते, कर्ज देणारी कसली कसली ॲपं होती. दुकानदारानं आपल्या मनानं काही काढलं नाही. एकेक दाखवून तो विचारायचा, "काढू?" ती म्हणायची, "काढ." दुपार सरली. मग एका बैलाचा फोटो आला. कपाळावर पांढरा ठिपका, गळ्यात पोळ्याची माळ. तो बैल विकावा लागला होता.

"हा राहू दे," ती म्हणाली. तो राहिला.

दुकानदारानं बॅटरी बदलली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' टाकलं. आसपास वीज पडण्याचा धोका असला की ते आधी सांगतं. राज्य सरकारचं 'ई-पीक पाहणी' टाकलं. मग तो म्हणाला, "याले कंपनीचे सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालं हाय. पैशाचं काम याच्यावर करू नका. त्याच्यासाठी बँकेतच जा." पैसे पाठवायचं ॲप त्यानं तिच्यासमोर काढून टाकलं. बॅटरीचे आणि मेहनतीचे पैसे तेवढे घेतले.

मृग लागला, पेरणी झाली. जुलैत एका दुपारी बाया वावरात निंदण करत होत्या. आभाळ काळं झालं होतं, पण थेंब पडला नव्हता. तिच्या पिशवीतला फोन वाजला. तिनं पाहिलं आणि हाक दिली, "चला बाप्पा, उठा!" एकीनं धुऱ्यावरच्या बाभळीकडं पाय वळवले. कास्तकारिणीनं हात धरून तिला मागं ओढलं. झाडाखाली थांबायचं नसतं. सगळ्या धावत गावातल्या शाळेत येऊन बसल्या. विजा कडकडत राहिल्या. त्यांच्या धुऱ्यावर वीज पडली नाही, आणि बायांचा मजुरीचा अर्धा दिवस गेला. तिनं ती मजुरी पूर्ण दिली.

तिच्याजवळ पैसे होते, दुकानात फोन होते, मुलाचा होकारही होता. नवा फोन आला असता, तर तोही तिसऱ्या वर्षी असाच भरला असता. फुकटच्या ॲपांनी जुना फोन कामाचा झाला हे खरं. पण त्याआधी एकेक गोष्ट हातात घेऊन नको ते काढावं लागलं, आणि काय ठेवायचं हे तिलाच ठरवावं लागलं. ते कोणतंही ॲप ठरवून देत नाही. जुन्याला जे पेलणार नाही ते त्याच्यावरून उतरवलं, हेही तितकंच मोलाचं होतं.

ऑगस्टमध्ये पीक पाहणी सुरू झाली. 2021 पासून राज्यभर शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच फोनवरून करतो. गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र भरायचं आणि वावरात उभं राहून फोटो काढायचा. एका फोनवरून दुसऱ्यांच्या नोंदीही करता येतात. तिनं आपली नोंद केली, मग शेजारणीची, मग दिराची. शेवटी एक म्हातारी आली. तिचं वावर नदीपलीकडं होतं आणि तिथं नेटवर्क नव्हतं. दोघी चिखलातून पायी गेल्या. फोटो काढून तिनं माहिती फोनमध्येच साठवली आणि गावात परतल्यावर पाठवली. म्हातारी ओट्यावर बसून होती. नोंद गेल्याचं कळलं तेव्हा तिनं विचारलं, "आता माहं नाव लागलं का, बाई?"

"लागलं, माय," ती म्हणाली, आणि तिनं चहा ठेवला.