पाळी बदलली तरी सराव

रावेतहून चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराचा दिवस पाळी आणि कंपनीची बस ठरवते. चाकणला जर्मन आणि जपानी कंपन्या असल्याने या भाषांना तिथे कामाचे मोल आहे. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते. तिची तयारी केवळ साप्ताहिक सुट्टीवर सोडून भागत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दाखवून दिले, की एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अनेक दिवसांत विभागलेली उजळणी अधिक टिकते. म्हणून सराव रोज हवा, आणि पाळी बदलत असल्याने त्याची वेळ घड्याळाऐवजी नित्यक्रमाला बांधावी. बसमध्ये ऐकणे, जेवणाच्या सुट्टीत मोजके नवे शब्द, झोपण्यापूर्वी चार वाक्ये मोठ्याने. रात्रपाळीतही हा क्रम तसाच राहतो. फार थकवा असेल त्या दिवशी नुसते ऐकावे. खंड मात्र पडू देऊ नये.