गर्भस्थ जीवावरील फिर्याद

ज्या बालकाने अद्याप जगाचा उजेडही पाहिलेला नाही, त्याच्या कण्यातील एखादा मणका अर्धाच घडावा, किंवा पाऊल आत वळलेल्या स्थितीतच ते जन्मास यावे, ही घटना ईश्वराच्या न्यायीपणावर श्रद्धा ठेवणाऱ्या मनास मोठ्या पेचात टाकते. आणि आपल्या तत्त्वज्ञांनी हा पेच टाळलेला नाही, हे त्यांच्या बाजूने आधीच नमूद केले पाहिजे. सृष्टीतील विषमतेचा व क्रौर्याचा दोष ईश्वराकडे जातो काय, ही शंका ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आली असून, पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, तरी भात आणि जव निराळे उगवतात ते बीजभेदामुळे, तद्वत जीवांतील भेद त्यांच्या कर्मामुळे, असा तिचा परिहार शंकराचार्यांनी केला आहे. ईश्वर या खटल्यातून निर्दोष सुटला खरा. पण फिर्याद त्या तान्ह्या जिवावर, आणि व्यवहारात बहुधा त्याच्या आईवर, कायम राहिली.

आईवरील ही फिर्याद परदेशीही पाठ सोडीत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेस असलेल्या अल्फारेटात काही मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहेत. 8 एप्रिल 2024 रोजी तेथे खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा एखाद्या गरोदर सुनेला पुण्या-नागपुराहून ‘आज सुरी हातात धरू नकोस गं’ अशी ताकीद गेली असेल, याविषयी मला फारशी शंका नाही. ताकीद मायेचीच, परंतु पुढे मुलात व्यंग निघाले, तर तीच पुराव्यादाखल पुढे येते.

हे अल्फारेटा ज्या फुल्टन परगण्यात मोडते, तेथे याच विषयाची निराळ्या तऱ्हेची चौकशी फार वर्षे चालू आहे. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बालके अपुऱ्या हातापायांनिशी जन्मली, त्या अनर्थानंतर 1967 साली अटलांटा परिसरात जन्मजात व्यंगांचे एक दप्तर उघडण्यात आले, आणि कारकुनाने आलेला कागद तेवढा नोंदवावा ही रीत सोडून, रुग्णालयांत जाऊन अशी प्रकरणे हुडकण्यास सुरुवात झाली. चित्रगुप्ताच्या वहीत कर्त्याचे नाव आधी असते. या वहीत घडले काय, केव्हा आणि किती, एवढेच आहे. अशा चिकाटीच्या विद्येचे मोठे फळ 1991 साली ब्रिटिश वैद्यकसंशोधन परिषदेच्या प्रयोगातून हाती आले: दुभंगलेल्या कण्यासारखी व्यंगे असलेले मूल ज्यांना पूर्वी झाले होते, अशा स्त्रियांनी फोलिक आम्ल घेतल्यास पुढील गर्भातील अशा व्यंगांचे प्रमाण सुमारे 72 टक्क्यांनी घटते. मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते, म्हणजे पुष्कळदा आईला चाहूल लागण्यापूर्वीच. अर्ध्या मणक्याचे किंवा वळलेल्या पावलाचे कारण मात्र बहुतेक वेळा आजही सापडत नाही. पाऊल डॉ. पोन्सेटींच्या पद्धतीने, दर आठवड्यास प्लास्टर बदलीत, सरळ करता येते.

आमच्या पुराणकथेनेही हा प्रश्न अधिक उदारतेने हाताळला आहे. महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राने गर्भातूनच पित्याची पठणातील चूक दाखवली, आणि संतापलेल्या कहोडाच्या शापाने त्याचा देह आठ ठिकाणी वाकला. कथाकार येथे पूर्वजन्माचे दप्तर उघडीत नाही. दोष उघडउघड पित्याच्या क्रोधाचा, आणि जनकाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताला वादात जिंकून त्या पित्यास सोडवणारा हाच मुलगा. मला ही कथा कर्मसिद्धान्ताच्या रूढ अर्थापेक्षा अधिक न्याय्य वाटते. मागल्या जन्माचा साक्षीदार कोणत्याही न्यायासनापुढे उभा करता येत नाही. परंतु कारण कळल्यावरही जो स्वस्थ बसतो, त्याचे कर्म याच जन्मातले असते आणि त्याची साक्ष देण्यास माणसे हजर असतात.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेत 1998 पासून ‘समृद्ध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिठात फोलिक आम्ल मिसळणे सक्तीचे आहे. पण आपल्या पोळीच्या संपूर्ण गव्हाच्या पिठास ती सक्ती नाही. तेव्हा अल्फारेटात असो वा अकोल्यात, मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे, पूर्वी असे मूल झाले असल्यास मोठी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, आणि सासूबाईंनी ग्रहणाच्या ताकिदीऐवजी या गोळीची आठवण करून द्यावी.