सोडणें आणि सोडून जाणें

दिवाळी आली म्हणजे व्यापारी जुनी खतावणी मिटवतो आणि नवी वही पूजेला मांडतो. तसा हिशेब मनुष्यानें आपल्या आयुष्याचाहि अधूनमधून करावा, असें शहाणे लोक सांगत आले आहेत. अडचण एवढीच, कीं या वहींत लिहिणारेहि आपण आणि तपासणारेहि आपणच. त्यामुळें नांवें टाकावयाची रक्कम पुष्कळ वेळां जमेच्या रकान्यांत जाऊन बसते. प्रस्तुत लेखांत आम्ही आमच्या एका वर्षाचा हिशेब मांडणार आहों. त्या वर्षाचें कौतुक व्हावें हा हेतु नाहीं. मिटली म्हणून बाजूला ठेवलेली ती वही आम्हांस पुन्हां उघडावी लागली, आणि ती उघडतांना एक नैतिक प्रश्न समोर उभा राहिला, म्हणून हा प्रपंच.

2024 च्या मे महिन्याच्या अखेरीस, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, अठ्ठावीस वर्षें केलेली प्राध्यापकी आम्हीं सोडली. सेवानिवृत्तीस अद्याप सहा वर्षें होतीं. प्रकृति ठीक होती, कोणाशीं भांडण नव्हतें, वेतनाबद्दल तक्रार नव्हती. परंतु वर्गांत शिकवतांना आमचाच आवाज आम्हांस ऐकूं येईनासा झाला होता. तीच कविता, तीच टीका, आणि ठरलेल्या ओळीवर ठरलेला विनोद! मुलें हंसत, आम्ही हंसत नव्हतों. एका रात्रीं कोऱ्या वहींत आम्हीं पांच संकल्प लिहिले. वर्षभर आगगाडीच्या साध्या डब्यांतून देश पाहावा. रोज चार पानें लिहावीं. बंगाली वाचावयास शिकावें. कोणाचें उसनें घेऊं नये. आणि वर्षाच्या शेवटीं कोंकणांतील आमच्या मूळ गांवच्या वाचनालयाचें काम अंगावर घ्यावें.

या संकल्पांची तड काय लागली तें थोडक्यांत सांगतों. प्रवास झाला, पोरबंदरपासून शांतिनिकेतनपर्यंत आणि हरिद्वारपासून मदुरेपर्यंत झाला. रोजचीं चार पानें आठवड्याच्या चार पानांवर आलीं. बंगाली लहान मुलांच्या पुस्तकांपुढें गेली नाहीं. वाचनालयाच्या किल्ल्या 2025 च्या जून महिन्यांत आमच्या हातीं आल्या, आणि आज सकाळ-संध्याकाळ तें कपाट उघडणें हाच आमचा व्यवसाय आहे. चौथा संकल्प, कोणाचें उसनें न घेण्याचा, तो मात्र आम्हीं अक्षरशः पाळला अशी आमची समजूत होती. सर्व प्रश्न त्या समजुतींतून उत्पन्न झाला.

असें व्यवसायांतर करणाऱ्यास दोन प्रकारचे लोक भेटतात. एक पाठ थोपटतात. मनाची हांक ऐकणें हेंच मनुष्याचें पहिलें कर्तव्य, असें त्यांचें म्हणणें. दुसरे स्वधर्माची आठवण देतात. हातचें काम टाकून दुसऱ्याच्या पाठीमागें लागणें ही चंचलता, असें ते बजावतात. आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटतात. मनाची हांक म्हणावी, तर आळसहि हांकच मारतो, आणि तीहि मोठ्या गोड स्वरांत! कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या मनानें त्यास मागें फिरण्याची जी हांक मारली, ती तर करुणेच्या भाषेंत होती. तरीहि ती प्रमाण मानली गेली नाहीं. उलट स्वधर्म म्हणावा, तर तो एकदां पत्करलेल्या नोकरीस जन्मभर चिकटून राहण्याचें नांव नव्हे. तसें असतें तर वानप्रस्थाची कल्पना आमच्या पूर्वजांस सुचली नसती. तेव्हां सोडावें कीं सोडूं नये हा खरा प्रश्न नाहीं. कसें सोडावें, हा आहे.

या बाबतींत 1915 सालची एक हकीकत आम्हांस वर्षभर सोबत करीत होती. त्या वर्षाच्या जानेवारीच्या 9 तारखेस गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून मुंबईस उतरले. वय पंचेचाळीस, बॅरिस्टरीचा धंदा मागें पडलेला, पुढें काय करावयाचें तें अनिश्चित. गोखल्यांनीं त्यांस सांगितलें, कीं एक वर्ष देश पाहा, आणि तोंवर सार्वजनिक प्रश्नांवर मतें देऊं नका. गांधीजी तिसऱ्या वर्गानें फिरूं लागले. फेब्रुवारींत ते शांतिनिकेतनास असतांना, 19 तारखेस, पुण्यास गोखले वारले. गांधीजींची इच्छा गोखल्यांच्या भारत सेवक समाजांत दाखल होण्याची होती. परंतु सभासदांत मतभेद आहेत असें पाहून त्यांनीं आपला अर्ज आपणच मागें घेतला. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर वर्षाचा पहिला संकल्प फसला. ज्या आश्रमानें पुढें इतिहास घडविला, तो अहमदाबादजवळ कोचरबला मे महिन्याच्या 25 तारखेस सुरू झाला. वर्षारंभीं लिहिलेलें उद्दिष्ट आणि वर्षानें हातीं दिलेलें काम हीं नेहमीं एकच असतात असें नाहीं, एवढा बोध यांतून कोणीहि घेईल. आम्हींहि घेतला होता, आणि आमच्या फसलेल्या बंगालीची समजूत त्यावर घातली होती.

परंतु त्याच वर्षांतील दुसरी एक लहानशी गोष्ट आम्हीं वाचून पुढें गेलों होतों, ती हरिद्वारास आठवली. त्या वर्षीं तेथें कुंभमेळा होता. गांधीजींनीं तेथें व्रत घेतलें, कीं दिवसाच्या चोवीस तासांत पांचांहून अधिक पदार्थ खावयाचे नाहींत आणि अंधार पडल्यावर खावयाचें नाहीं. हें व्रत केवळ इंद्रियनिग्रहाचें, असें आम्ही समजत होतों. त्याच्या मुळाशीं कलकत्त्यांतील एक अनुभव होता. तेथें भूपेंद्रनाथ बसूंच्या घरीं त्यांचा मुक्काम झाला. पाहुणे फळें व सुका मेवाच खातात, म्हणून त्या घरांतील बायकांनीं रात्र रात्र जागून मेवा सोलला आणि नाना प्रकारें फळें सजवलीं. आपला साधेपणा दुसऱ्याच्या जागरणावर उभा आहे, हें गांधीजींच्या ध्यानांत आलें, आणि तें त्यांस बोंचलें. व्रताचें एक कारण तें होतें.

हें आठवलें त्या संध्याकाळीं आम्ही घाटावर बसलों होतों. आमचा साधेपणाहि थोडाथोडका नव्हता! एक पिशवी, दोन धोतरजोड्या, साधा डबा. परंतु घरीं आमच्या चौऱ्यांशीं वर्षांच्या मातोश्री होत्या, आणि त्यांच्याजवळ आमची पत्नी होती. ती बँकेंत नोकरीस आहे. तिच्या वेतनावर घर चाललें होतें, म्हणूनच आमची जमा-रक्कम आगगाडीस पुरत होती. आम्हीं कोणाचें उसनें घेतलें नव्हतें तें केवळ यासाठीं, कीं जिच्याकडून घेत होतों तिला आम्ही सावकार समजत नव्हतों. परत आल्यावर आम्हीं ही गोष्ट तिच्याजवळ काढली. ती रागावली नाहीं. म्हणाली, “तुम्ही वर्षभर देश पाहिलात, मी वर्षभर सासूबाईंच्या औषधांच्या वेळा पाहिल्या. मला त्याचें वाईट नाहीं वाटत. पण तुम्ही ‘एकट्यानें केलें’ असें लोकांना सांगतां ना, तेवढें सांगूं नका.”

दुसरी नोंद याहून जड आहे. गेल्या जूनमध्यें कांहीं कागदपत्रांसाठीं आम्ही जुन्या महाविद्यालयांत गेलों. आमच्या वर्गांत एक तरुण शिकवीत होता. पूर्वीं आमचाच विद्यार्थी. आमची जागा भरली गेली नव्हती. तो तासिका तत्त्वावर काम करतो. तास होईल त्याचे पैसे, सुटी लागली कीं पैसे बंद. सकाळीं येथें व दुपारीं दुसऱ्या महाविद्यालयांत, असें करून तो महिना उभा करतो. तो म्हणाला, “सर, तुमच्या टिपणांवरच माझें चाललें आहे. नवीं काढावयास वेळच मिळत नाहीं.” ज्या टिपणांचा आम्हांस वीट आला, आणि ज्यांच्यापासून आम्ही पळालों, तींच तो बिचारा पुढें चालवीत होता!

राजीनामा देतांना आम्हीं मित्रांस मोठ्या औदार्यानें सांगितलें होतें, कीं म्हाताऱ्यांनीं जागा अडवूं नयेत, तरुणांस मिळाव्यात. हा युक्तिवाद ऐकावयास सुंदर आहे. 1890 सालीं टिळकांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला, तेव्हां फर्ग्युसनमध्यें गणित शिकविण्यास 1891 सालीं धोंडोपंत कर्वे आले. रिकाम्या जागेचें याहून चांगलें भाग्य कोणतें? परंतु आमच्याच विभागांतील दोन जागा कित्येक वर्षें रिकाम्या पडलेल्या आम्हीं डोळ्यांनीं पाहिल्या होत्या. आमची तिसरी होणार हें आम्हांस ठाऊक होतें. न भरणाऱ्यांचा दोष मोठा आहे यांत शंका नाहीं; तथापि दुसऱ्याचा दोष मोठा असला म्हणून आपल्या वहींतील नोंद पुसली जात नाहीं. आम्हीं मुक्ततेला त्यागाचें नांव दिलें, ही आमची चूक.

यावरून आम्हांस सोडणें आणि सोडून जाणें यांतील भेद दिसूं लागला. याज्ञवल्क्य घर सोडावयास निघाले, तेव्हां मैत्रेयी व कात्यायनी यांची व्यवस्था लावण्याची गोष्ट त्यांनीं प्रथम काढली. ब्रह्मविद्येचा संवाद त्यांतून निघाला. गोखल्यांनीं 1902 सालीं फर्ग्युसन सोडलें तें पत्करलेली सेवा पुरी करून. गांधीजींनीं दक्षिण आफ्रिका सोडली ती 1914 सालीं तेथील लढ्याची तडजोड झाल्यावर. आणि कर्व्यांनीं तर पुष्कळ वर्षें कांहींच सोडलें नाहीं. हिंगण्याच्या आश्रमाचा भार वाहात ते फर्ग्युसनमध्यें गणित शिकवीत राहिले. 1914 मध्यें ते निवृत्त झाले, 1916 मध्यें महिला विद्यापीठ उभें राहिलें, आणि जगाच्या प्रवासास ते निघाले तें 1929 मध्यें, वयाची सत्तरी उलटल्यावर. हीं सर्व माणसें आमच्यापेक्षां फार मोठीं. त्यांच्याशीं आम्ही बरोबरी करीत नाहीं. परंतु निघण्यापूर्वीं मागें वळून पाहणें, एवढी गोष्ट लहान माणसासहि शक्य असते. आम्हीं वळून पाहिलें नाहीं.

मग आम्हीं नोकरी सोडली तें चुकलें काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, आम्हांस तसें वाटत नाहीं. वाचनालयांत दुपारीं शाळेंतून परस्पर येणारीं मुलें पाहिलीं म्हणजे हें काम आपलें आहे अशी खूण पटते. परंतु योग्य गोष्टहि कर्ज काढून केलेली असूं शकते. आणि गोष्ट योग्य ठरली म्हणून कर्ज फिटत नाहीं. पश्चात्ताप हाहि फेडीचा एक सोपा आभास आहे. तो करून मनुष्य मोकळा होतो, आणि सावकार तसाच राहतो.

म्हणून आम्हीं दोन गोष्टी ठरविल्या आहेत. प्रत्येक सत्रांत तीन आठवडे शहरांत राहून त्या तरुणाबरोबर बसावयाचें आणि जुन्या टिपणांच्या जागीं नवीं तयार करावयाचीं. त्यांवर नांव त्याचें राहील. त्यामुळें त्याची जागा कायम होणार नाहीं, हें आम्ही जाणतों. दुसरी गोष्ट घरची. मातोश्रींस आम्हीं आतां गांवीं आणलें आहे. पत्नीनें बँकेंतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागितली आहे, आणि तिच्याहि वहींत कांहीं नांवें लिहिलेलीं आहेत. तीं आम्हीं अद्याप पाहिलेलीं नाहींत. औषधांचा तक्ता मात्र तिनें वाचनालयाच्या भिंतीवर, आमच्या टेबलासमोर लावून ठेवला आहे. पहिली वेळ सकाळीं सातची आहे.