'आत्मविकास' हा शब्द आपला काय?

माण येथील एका वासनिकाने गेल्या चातुर्मासात आम्हांस विचारले की, मुलांच्या वर्गाच्या फलकावर 'आत्मविकास-वर्ग' असे लिहावे काय? प्रश्न लहान, पण तत्त्वास भिडणारा.

'विकास' शब्दात 'कस्' धातू आहे. 'वि' उपसर्गाने त्याचा अर्थ उमलणे, फुलणे असा होतो. कमळ उमलते तेव्हा पाकळ्या बाहेरून आणाव्या लागत नाहीत. त्या कळीत मिटलेल्याच असतात. म्हणजे 'आत्मविकास' म्हणताच ईश्वरत्व जिवाच्या पोटी दडलेले असून ते केवळ उघडावयाचे आहे, असे गृहीत धरले जाते. अद्वैत्यांस हे मानवेल. आपल्या दर्शनात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न. जीव बद्धमुक्त, अनादि अविद्येने बांधलेला, परंतु सुटण्याजोगा. ती अविद्या परमेश्वरच फेडतो, आणि मुक्त जीवही परमेश्वर होत नाही, त्याच्या आनंदाचा भोक्ता होतो. येथे कळी कोठली?

मग जिवाच्या ठायी काहीच वाढत नाही काय? वाढते; ती योग्यता. योग्यता म्हणजे घेण्याची पात्रता. देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा, हा भेद या शब्दात शाबूत राहतो.

यावर वासनिक म्हणाला, "बाबा, स्वामींनी लोकांच्या मराठीत निरूपण केले, नागदेवाचार्यांनी केशिराजांस संस्कृत रचनेपासून परावृत्त केले. मग लोकांच्या तोंडचा शब्द का टाकावा?" आक्षेप खरा, आम्हांस तो काही दिवस बोचत राहिला. परंतु माणमध्ये हा शब्द कोणत्या अर्थाने चालतो? हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान माणपर्यंत पसरले, माण ते शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी २०१८ साली झाली. शेताचा भूखंड झाला की विकास झाला म्हणतात. लोकभाषा अर्थ पोचविण्यासाठी स्वीकारली गेली. जेथे शब्द अर्थच पालटतो, तेथे थबकणे प्राप्त आहे. हा शब्द ऐकत वाढलेले मूल जपाच्या माळाही भूखंडासारख्या मोजील. स्मरणाच्या संख्येबरोबर अहंकारही चढतो, हे आम्ही आमच्या ठायीच पाहिले आहे.

फलकावर 'स्मरणवर्ग' लिहावे असे आम्ही सांगितले. वासनिक हिरमुसला, अशा नावाने आईबाप मुले धाडणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. येतील तेवढी येवोत, म्हणालो.