रक्तपेशीचा खरा आकार कोणता?

सूक्ष्मदर्शकाने मोजलेला रक्तपेशीचा आकार हे प्रत्यक्ष ज्ञान की अनुमान, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. वैशेषिक दर्शनात परिमाण हा द्रव्याचा गुण आहे, आणि वस्तू डोळ्यांना दिसायची तर तिच्या ठायी ‘महत्त्व’, म्हणजे पुरेसे मोठेपण, असावे लागते. झरोक्याच्या कवडशात तरंगणारा त्रसरेणू ही दिसण्याची शेवटची पायरी. त्याखालचे सारे अनुमानाने जाणायचे. तांबडी पेशी या पायरीच्या खालीच राहते. तिचा व्यास 7 ते 8 मायक्रोमीटर, कडेची जाडी 2 ते 2.5 आणि मधल्या खोलगट भागात जेमतेम 1.

नेहमीच्या तपासणीत रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून वाळवतात आणि रंगवतात. वाळताना पेशी चपटी होते. मोजली जाते ती मेलेली पेशी. फेज मायक्रोस्कोपीत रंग लागत नाही. तिचा पाया घालणारे फ्रिट्स झेर्निके यांना 1953 चे नोबेल मिळाले. प्रकाश पेशीतून जाताना प्लाझ्मातल्यापेक्षा किंचित मागे पडतो, आणि यंत्र मोजते ते एवढे मागे पडणेच. अपवर्तनांकातला फरक सुमारे 0.06 धरला, तर 2 मायक्रोमीटर जाडीमागे 120 नॅनोमीटरची पिछाडी निघते. उलट वाटेने पिछाडीवरून जाडी काढायची, तर 0.06 हा आकडा आधी हाती हवा. धुरावरून अग्नी ओळखायला व्याप्तीचे, म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ या नियमाचे, ज्ञान लागते, तसेच हे. तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि हिमोग्लोबिन सर्वत्र सारखे पसरलेले असते, म्हणून येथे हे गृहीतक टिकते. पांढऱ्या पेशीत ते इतके सहज टिकत नाही.

मग हे ज्ञान कमी खात्रीचे ठरते का? तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांचे उत्तर रक्तातूनच आले आहे. प्लेटलेटमधले गडद ठिपके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतात, आणि पूर्णपणे वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकातही त्याच जागी दिसतात. दोन्ही यंत्रांनी एकच खोटे रचावे, हे पटण्याजोगे नाही. हा युक्तिवाद भक्कम आहे. त्याने ठिपक्यांचे अस्तित्व सिद्ध होते, आकाराचा प्रश्न मात्र सुटत नाही.

कारण आकारमान आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी पेशीचे सरासरी घनफळ 80 ते 100 फेम्टोलिटर असते, आणि केशवाहिनीतून वाकून जातानाही ते फारसे बदलत नाही. आकार मात्र तेवढ्यात चकतीचा छत्रीसारखा होतो. चकती हे पेशीचे केवळ विसावलेले रूप.

विदर्भातल्या अनेक गावांना माहीत असलेल्या सिकलसेल या आजारात, ज्यात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, हे फार वेदनादायकपणे दिसते. प्राणवायू भरपूर असताना अशा बहुतेक पेशी गोलच दिसतात. कार्य कारणात आधीपासून असतेच, असे सांख्य म्हणतात. येथे विळा चकतीत दडलेला असतो. म्हणून लॅबमध्ये थेंबात प्राणवायू शोषणारे रसायन मिसळतात, वर पातळ काच ठेवून कडा बंद करतात आणि थांबतात. काही वेळाने त्याच गोल पेशी टोकदार होऊन वाकू लागतात.