असत्याचे अधिष्ठान : 'खोटे' आणि 'लबाड' या शब्दांचा विचार

मनुष्य असत्य बोलतो तेव्हा दोष नेमका कोठे असतो? उच्चारलेल्या शब्दात, शब्दाने सांगितलेल्या वस्तूत, की बोलणाऱ्याच्या अंतःकरणात? सत्यव्रताचा विचार करणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही. कारण दोषाचे स्थान निश्चित झाल्यावाचून दोषी कोण, हेही ठरत नाही. शास्त्रापूर्वी लोकभाषेस विचारावे, हे बरे. शब्द रूढ करताना लोकांनी या प्रश्नाचा निवाडा आपल्या परीने आधीच केलेला असतो, आणि तो सर्व भाषांत एकसारखा नाही.

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर हे गाव आहे. या कापूसपट्टीच्या बोलीत 'खोटे बोलू नको' याऐवजी 'लबाड बोलू नको' असे सहज म्हटले जाते. प्रमाण मराठीत 'लबाड' हे मनुष्याचे विशेषण होय. येथे ते बोलण्याचेच नाव झाले आहे. 'खोटे' या शब्दाचा प्रांत मात्र निराळा. नाणे खोटे असते, कागद खोटा असतो, पावसाचा अंदाज खोटा ठरतो. आणि अंदाज खोटा ठरला म्हणून तो वर्तविणारा लबाड होत नाही. 'खोटे' हा शब्द वस्तूकडे पाहतो, 'लबाड' हा मनुष्याकडे. हिंदीने हे दोन प्रांत वेगळे राखले आहेत : नाणे 'खोटा', बोलणे 'झूठ'. मराठीत दोहोंस एकच शब्द पुरतो. जुन्या मराठीतील 'लटिके' हा शब्दही मिथ्या वस्तू आणि असत्य वचन या दोहोंस लागू होत असे.

संस्कृतात 'अनृत' म्हणजे जे ऋत नव्हे ते, आणि 'असत्य' म्हणजे जे सत्य नव्हे ते. येथे दोष अभावरूपाने सांगितला आहे. बोलणाऱ्याच्या हेतूचा उल्लेख नाही. 'कूट' शब्दात मात्र कपट स्पष्ट आहे. म्हणून खोट्या मापास 'कूटमान' आणि खोट्या साक्षीदारास 'कूटसाक्षी' म्हणतात. ग्रीक भाषेतील 'प्स्यूडॉस' हा शब्द चूक आणि असत्य वचन या दोहोंस चालतो. लॅटिनमधील 'मेंतिरी' हे क्रियापद 'मेन्स' म्हणजे मन या शब्दाशी संबद्ध मानतात. जपानी भाषेत 'उसो' म्हणजे असत्य. पण नवल ऐकून तेथील माणूस समोरच्यास 'उसो!' म्हणतो, तेव्हा तो आरोप नसतो. आपल्याकडे 'काहीतरीच!' म्हणतात, तसेच ते.

आता लक्षणाचा विचार. पाचव्या शतकातील बौद्ध टीकाकार बुद्धघोष याच्या नावे असलेल्या अट्ठकथांत मृषावादाची चार अंगे सांगितली आहेत : गोष्ट अयथार्थ असणे, फसविण्याचे चित्त असणे, त्या चित्ताने प्रयत्न होणे आणि ऐकणाऱ्यास तो अर्थ कळणे. अमेरिकेतील कोलमन आणि के या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९८१ साली इंग्रजी बोलणाऱ्यांपुढे आठ लहान कथा ठेवून, यांतील कोण खोटे बोलला, असे विचारले. बोलणाऱ्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास नसणे, हेच अंग लोकांनी सर्वांत महत्त्वाचे मानल्याचे त्यांना आढळले. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या २२७ व्या कलमातही खोट्या साक्षीची व्याख्या करताना साक्षीदाराचे ज्ञान व विश्वास पाहिले आहेत. देशकाल इतके भिन्न असूनही ही तिन्ही मते दोष अंतःकरणात शोधतात.

येथे पहिली शंका अशी : दोष अंतःकरणात असेल, तर अज्ञानाने अयथार्थ सांगणारा निर्दोष मानावा काय? समाधान : तो चुकलेला आहे, लबाड नव्हे. 'लीळाचरित्रा'ची परंपरा या बाबतीत आदर्श आहे. म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांस विचारून लीळा संकलित केल्या. पुढे, परंपरेनुसार, मूळ पोथी धाडीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध झाला. स्मरणे जेथे जुळली नाहीत तेथे कोणास खोटे पाडले गेले नाही. पाठभेद नोंदवून ठेवले गेले. भिन्न स्मरण म्हणजे असत्य वचन नव्हे, हा विवेक त्या नोंदींत आहे.

दुसरी शंका : प्रत्येक शब्द यथार्थ असता असत्य घडते काय? घडते. बाजारात उभा असलेला विक्रेता म्हणतो, 'गाडीवरचा कापूस पाहा, किती पांढरा आहे!' वरचा कापूस खरोखर पांढरा आहे. आत कवडी भरली आहे, हे तो जाणतो. या वाक्यास 'खोटे' म्हणता येत नाही, पण 'लबाड' निश्चित म्हणता येते. द्रोणपर्वात युधिष्ठिराने अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगितले आणि 'हत्ती' हा शब्द अस्पष्ट उच्चारला. त्या नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. तरीही भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असे व्यासांनी सांगितले आहे.

तिसरी शंका : फसविण्याचा हेतू नाही आणि वचनही यथार्थ आहे, तर ते सदैव निर्दोष काय? कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनास कौशिकाची कथा सांगतात. सत्यवचनाचे व्रत घेतलेल्या कौशिकाने, पळून लपलेली माणसे कोठे आहेत, हे दस्यूंस खरे सांगितले. ती माणसे मारली गेली, आणि कौशिकास नरक प्राप्त झाला. तो खोटेही बोलला नव्हता आणि लबाडही बोलला नव्हता. त्याच्या दोषास या दोन्ही शब्दांत स्थान नाही. मौन शक्य असेल तेथे मौन राखावे, असे त्याच प्रसंगी सांगितले आहे. यथार्थ वचन तोंडी असले, तरी ते कोणाच्या हाती जाते याचा विचार बोलणाऱ्यास सुटत नाही.

तात्पर्य, 'खोटे' या शब्दाने वचनाची परीक्षा होते, 'लबाड' या शब्दाने वक्त्याची. आणि या दोन परीक्षा एक नव्हेत. अल्लीपूरची बोली दोहोंस एकत्र आणते, त्यात लाभही आहे आणि धोकाही. लाभ हा की असत्यामागे मनुष्याचे कपट असू शकते, हे ती विसरू देत नाही. धोका हा की 'उद्या कापूस घेऊन येतो' असे सांगून पावसाने अडलेला शेतकरी, किंवा निरोप चुकीचा सांगणारे लेकरूही 'लबाड बोलला' या एका वाक्याने दोषी ठरते. चुकलेल्या लेकरास वारंवार लबाड म्हटले, तर त्यास पुढे चूक कबूल करण्याचे धैर्य राहत नाही. तेव्हा ते चूक लपविण्यासाठी खरोखरीची लबाडी शिकते. यास्तव दुसऱ्याचे वचन खोटे ठरल्यास प्रथम त्याचे ज्ञान तपासावे, हेतूविषयी निर्णय घाईने करू नये. आपल्या वचनाविषयी मात्र उलट क्रम धरावा : शब्द खरे होते, एवढ्यावर समाधान न मानता, ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटावे अशी आपली इच्छा होती, हे प्रथम पाहावे.