शंकासमाधान : पालखीचा मान आणि कोर्टाची तारीख

शिमग्याची फाकपंचमी जवळ आली की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. सुतक, सोवळं, उपासतापास मागे पडतात आणि पालखी, मान, भावकी यांची पत्रं सुरू होतात. त्यांतली पाच या वेळी घेतली आहेत.

शंका : आमच्या ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून (चौथऱ्यावरून) उठते तेव्हा पहिला खांदा आमच्या घराचा. पणजोबांपासूनची वहिवाट आहे. भावकीतल्या दुसऱ्या घराने "आमची पाती थोरली" म्हणून मान मागितला. हाणामारी झाली, गुन्हे दाखल झाले, दोन शिमगे पालखी बाहेर पडली नाही. आता दिवाणी दावा लावावा असं घरात ठरतंय. आई म्हणते, देवाला कोर्टात ओढलंत तर घराला लागेल. असा दावा लावणं पाप आहे का? (रत्नागिरी जिल्हा)

समाधान : पाप नाही, हे आईंना आधी सांगा. मानपानाचे तंटे आपल्याकडे माणसांपुढेच तुटत आले. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, यावरून शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा बसल्या, साक्षी झाल्या, महजर लिहिले गेले आणि खाली पाटलाने नांगराची निशाणी केली. त्यात देवाचा अपमान कोणी मानला नाही. आज गोताच्या जागी न्यायाधीश बसतो, एवढंच.

पण दावा लावण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 9 प्रमाणे एखाद्या पदाचा हक्क हा दिवाणी हक्क आहे, मग त्याचा निवाडा धार्मिक विधींच्या प्रश्नावर अवलंबून का असेना. नुसता मान मात्र त्यात बसत नाही. तमिळनाडूतल्या एका देवळातल्या पहिल्या तीर्थाच्या मानावरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या दाव्यात 1961 साली हाच निकष सांगितला गेला : मान पदाला जोडलेला असेल तरच कोर्ट त्याच्याकडे पाहील. पद म्हणजे काम. खांद्याचा मान तुमचा असेल, तर त्या मानाबरोबर तुमच्या घराकडे काम कोणतं होतं? सहाण कोण सारवत होतं? पालखीत देवाची रूपं (मुखवटे) लागतात त्या दिवशी देवाचं वस्त्र कोणाच्या घरून येत होतं? मशालीचं तेल, ढोलवाल्यांचं जेवण कोणाकडे होतं? ही कामं तुमचं घर आजही करत असेल तर तुमच्या दाव्याला पाय आहेत. कामं कधीच सुटली असतील आणि खांदा तेवढा उरला असेल, तर कायदाही तुमच्या मागे फार उभा राहणार नाही. मला तर वाटतं, देवही राहणार नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वकिलीच्या उमेदीच्या वर्षांत मी अशाच एका दाव्यात शिमग्याच्या आदल्या दिवशी तूर्तातूर्त मनाई मिळवून दिली होती. पक्षकार पेढे घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावात गेलो तर देवळाला बाहेरून कुलूप, पारावर पोलीस. जाळीच्या दारातून आत पाहिलं. पालखी दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली, गोंडे जुन्या धोतरात गुंडाळलेले, दांड्याच्या पितळी टोकापासून भिंतीपर्यंत कोळिष्टक. एक म्हातारी खण-नारळाचं ताट घेऊन आली, दाराकडे बघत राहिली, मग ताट उंबऱ्यावर ठेवून पदराने डोळे पुसत निघाली. ती वादीच्या बाजूची की प्रतिवादीच्या, मी विचारलं नाही. त्यानंतर पालखी थांबवणारा मनाईचा अर्ज मी कधी केला नाही. निकाल लागेपर्यंत पालखी कशी निघेल, याचाच अर्ज करत आलो.

तुम्हीही तेच करा. दावा लावलात तरी अंतरिम अर्जात पहिली मागणी उत्सव चालू ठेवण्याची असू दे : या वर्षी पहिला खांदा एका घराचा, पुढच्या वर्षी दुसऱ्याचा, आणि त्यामुळे कोणाचाही हक्क सिद्ध झाला असं धरू नये. अशी पाळी कोर्टातही मान्य होते, तहसीलदारांपुढेही. शांतताभंगाच्या भीतीने तहसीलदार बंदी घालतात ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली, आता तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेच्या कलम 163 खाली. त्या हुकुमाने कोणाचा मान ठरत नाही, देव मात्र आत राहतो. देवस्थान नोंदलेलं असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांकडून नोंदीचा उतारा काढा. उत्सवाच्या रूढी तिथे काही वेळा लिहिलेल्या सापडतात आणि निम्मा वाद तिथेच मिटतो. दोन्ही घरांचं जमलं तर ते तोंडी ठेवू नका, तडजोडीचा हुकूमनामा करून घ्या. तोंडी शब्द पुढच्या पिढीला पुरत नाही.

शंका : आम्ही चाकरमानी, मुंबईला असतो. मधली काही वर्षं शिमग्याला जाणं झालं नाही. त्या काळात चुलत्यांनी अब्दागिरीचा मान उचलला आणि आता परत देत नाहीत. आमचा हक्क गेला का? (डोंबिवली)

समाधान : वंशपरंपरेचं पद दुसऱ्याने तुमच्या हक्काविरुद्ध बळकावलं, तर ते परत मागायला मुदत कायदा तेव्हापासून बारा वर्षं देतो. तेव्हा वर्षं मोजा. पण तुम्ही नसताना अब्दागिरी धरून चुलते उन्हात चालले, म्हणून देवावर सावली राहिली, हेही मोजा. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दर वर्षी आळंदीला पायी येतात, मग माउलींच्या सोहळ्यात पुढे चालतात. तो मान आधी तिथवरची सगळी वाट तुडवून घेतलेला असतो. माझं म्हणणं असं : यंदा सुट्टी काढून आठ दिवस आधी गावी जा. देवळाची साफसफाई, होळीचा माड आणणं, यात हात घाला आणि मग चुलत्यांपुढे बसून पाळी मागा. नोटीस नंतरही पाठवता येते.

शंका : माझ्या वडिलांना आम्ही दोघी बहिणीच. वडिलांमागे देवळातली पूजेची पाळी आमच्याकडे येते की पुतण्यांकडे? पुतणे म्हणतात, बाईला हा हक्क नाही. (सिंधुदुर्ग जिल्हा)

समाधान : वंशपरंपरेचं पुजारीपद स्त्रीला वारशाने मिळू शकतं, आणि प्रत्यक्ष पूजा ती प्रतिनिधीकडून करवून घेऊ शकते, हे सुप्रीम कोर्टाने 1955 सालीच मान्य केलं आहे. तुमच्या देवस्थानची रूढी काय, हा पुराव्याचा भाग. तो जमवावा लागेल. पण "बाईला नाही" एवढ्या तोंडी वाक्यावर गप्प बसू नका. आणि प्रतिनिधी नेमायचाच तर पुतण्यांनाच आधी विचारा.

शंका : वंशाचा मान देवाने दिलेला असतो. मग पंढरपुरात बडवे आणि उत्पात यांचे हक्क सरकारने काढले ते कसे? उद्या आमचेही काढतील? (सोलापूर)

समाधान : पंढरपूरसाठी नाडकर्णी आयोग नेमला गेला, 1973 साली कायदा झाला, त्याने वंशपरंपरेचे हक्क रद्द झाले आणि ती लढाई थेट जानेवारी 2014 मध्ये सुप्रीम कोर्टात संपली. चाळीस वर्षं. त्याआधी 1972 साली तमिळनाडूतल्या अर्चकांच्या प्रकरणात कोर्टाने सांगून ठेवलं होतं की पूजा हा धर्माचा भाग, पण पुजारी वंशानेच नेमावा हा धर्माचा गाभा नव्हे. मला हा विचार पटतो. ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या विठ्ठलाला उठवलं आणि निजवलं, त्यांचं दुःख खरं आहे आणि त्याला हसणाऱ्यांचा मला राग येतो. पण विठ्ठलाची पूजा त्यानंतरही चालूच राहिली. तुमच्या गावचा खांदा किंवा अब्दागिरी काढायला सरकार येण्याचं सहसा कारण नाही. ते कारण घडवलं जातं यात्रेकरूंची अडवणूक झाली, हिशेब दडवले गेले, देवापुढे पडलेल्या पैशावरून ओढाताण झाली की. तुमच्या देवस्थानची वही कोणालाही दाखवता येईल अशी आहे का, ते बघा.

शंका : दावा चालू आहे, देऊळ बंद आहे. नवसाची ओटी राहिली आहे. दुसऱ्या गावच्या देवीची भरली तर चालेल का?

समाधान : नवस जिला बोललात तिचीच भरा. कुलूप असलं तरी दारापर्यंत जायला सहसा मनाई नसते. पोलीस असतील तर त्यांना सांगून जा. उंबऱ्यावर हळदकुंकू वाहा, खण-नारळ ठेवा, आपलं गाऱ्हाणं स्वतःच्या शब्दांत घाला. गुरवाच्या घरी सांगून ठेवा. दार उघडेल त्या दिवशी तो ओटी आत नेईल. नारळ तोवर टिकणार नाही, तेव्हा त्याच्याकडे एका नारळाचे पैसे देऊन या.